जयंतीचा थाट आणि ऊन

१४ एप्रिलची जयंती आणि वैशाखातली बुद्धपौर्णिमा, आपले दोन्ही मोठे दिवस भर उन्हाळ्यात येतात. पांढरे कपडे आपण घालतोच. ते नायलॉनचे न घेता सुती आणि सैल घेऊ. सुती कापड घाम टिपते, अंग गार राहते. लेकरांचे निळे फेटे घट्ट बांधू नयेत.

मिरवणुकीतल्या स्टॉलवर रंगीत सरबताऐवजी कैरीचे पन्हे, कोकम सरबत किंवा मीठ घातलेले ताक ठेवू. त्यासाठी पाणी उकळून माठात गार करू. निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो, तो पेल्यात टाकू नये.

नाचताना कुणाला भोवळ आली किंवा कुणी असंबद्ध बोलू लागले, तर सावलीत नेऊ, अंग ओले करून वारा घालू आणि लगेच १०८ ला फोन करू. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.