तरोटा आणि कासविंदा

पहिला पाऊस पडला की बुलढाण्याकडे बांधाबांधावर तरोटा उगवतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघरी होते. लिनियसने १७५३ साली त्यास 'कॅसिया तोरा' म्हटले. पुढे रॉक्सबर्गने त्याला 'सेन्ना' प्रजातीत घातले. हा नावांचा खटाटोप पंडिती वाटेल. परंतु त्याच प्रजातीत कासविंदाही आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात मुले दगावली ती बहुधा त्याच्याच बियांनी, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणून आम्ही पान नीट पाहावयास सांगतो. फुले दोघांचीही पिवळीच, त्यांचा उपयोग नाही. तरोट्याच्या पानास पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या, टोके गोलसर, खालच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी. कासविंद्यास बहुधा चार-पाच जोड्या, टोके अणकुचीदार, आणि ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी.