श्वासाची वाट खुली राहावी म्हणून

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात घडला की आपला पहिला प्रश्न असतो : रुग्णालय किती दूर? पेणहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ३० किलोमीटरवर आहे, रोह्याच्या आतल्या गावांहून तर वाट आणखी लांबची. परंतु प्राणवायू मिळाला नाही, तर ४ ते ६ मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणूनच रुग्णवाहिका किती वेगाने धावते याबरोबरच तिच्यात काय आहे, हेही आपण विचारले पाहिजे.

बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडून मागे सरकते, रक्ताने वा उलटीने घसा भरतो आणि श्वासाची वाट बंद होते. यावरचा पहिला उपाय बिनपैशाचा आहे : हनुवटी उचलणे आणि मानेला मार लागल्याची शंका असल्यास मान न हलवता केवळ जबडा पुढे घेणे. त्यानंतरची साधनेही साधीच आहेत. जीभ सावरणारी वाकडी नळी डॉ. आर्थर गुडेल यांनी १९३३ साली मांडली. हाताने दाबायची अंबू बॅग १९५६ साली डेन्मार्कमध्ये तयार झाली. पायाने चालणाऱ्या सक्शन पंपाला तर वीजही लागत नाही.

श्वासनलिकेत नळी घालण्यास मोठे कौशल्य व सततचा सराव लागतो. त्याला पर्याय म्हणून डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा मास्क शोधला. पुढे याच जातीची आणखी सोपी साधने आली. इंग्लंडमध्ये हृदय बंद पडलेल्या ९,२९६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असे साधन आणि श्वासनलिकेतील नळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. सोपे साधन म्हणजे दुय्यम उपचार, ही समजूत त्यामुळे मागे पडते.

आता खर्चाविषयी. सिलिकॉनचा मूळ मास्क निर्जंतुक करून ४० वेळांपर्यंत वापरता येतो, मात्र एकदाच वापरायचे साधन पुन्हा वापरणे धोक्याचे असते. खरेदी करताना हा हिशेब पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आला आहे, त्याचाही लाभ घ्यावा. पेण आणि रोह्यातील मंडळांनी एकत्र मागणी नोंदवली, तर घाऊक दर मागता येईल.

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे. तिच्या जोडीला गावोगावी संस्थांच्या व खासगी रुग्णवाहिका धावतात. त्यांतील काहींमध्ये चालक आणि स्ट्रेचर यांपलीकडे फारसे काही नसते. आपण रुग्णवाहिकेसाठी देणगी देतो, तेव्हा आमची विनंती एवढीच : गाडीबरोबर ही साधने, वेगवेगळ्या मापांचे मास्क आणि चालक-मदतनीसांच्या प्रशिक्षणाचा खर्चही द्यावा. शिकलेल्या हातांविना साधन पेटीतच राहते.

दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, कारण ते त्याच्याजवळ होते. आपल्या रुग्णवाहिकेजवळही वेळेला काहीतरी असावे.