शेवरोले व्होल्ट : ६४ किलोमीटरचा हिशेब

रोज रात्री न चुकता प्लग लावणाऱ्या आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या मालकाला शेवरोले व्होल्ट अधूनमधून एक आठवण करून देई. पेट्रोलचं इंजिन सुमारे दीड महिना चालूच झालं नसेल, तर गाडी सुरू करताना पडद्यावर सूचना येई : देखभालीसाठी इंजिन थोडा वेळ चालवावं लागेल. आज नको म्हटलं तर गाडी ऐकून घेई, पण फार दिवस टाळू देत नसे. टाकीतल्या पेट्रोलचंही तेच. त्याचं सरासरी वय वर्षाच्या वर गेलं, की ते शिळं होऊन इंजिनात घाण करायच्या आत संपवून टाकण्यासाठी गाडी इंजिन चालवायला घेई. पेट्रोल वाचवण्यासाठी घेतलेली गाडी, पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून पेट्रोल जाळत बसे.

यात हसण्यासारखं असलं, तरी चुकीचं काही नव्हतं. ज्या गाडीत विजेची आणि पेट्रोलची अशा दोन यंत्रणा आहेत, तिला दोन्हींची बडदास्त ठेवावीच लागते. दोन्हींचं वजन वाहायचं, दोन्हींसाठी जागा काढायची, दोन्हींचे पैसे मोजायचे. प्लग-इन हायब्रिड गाडीचं सगळं डिझाइन म्हणजे या दुहेरी ओझ्याची वाटणी. ती वाटणी कशी करतात, हे पाहायला व्होल्टइतकं चांगलं उदाहरण नाही.

कल्पना कुठून आली

जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ईव्ही१’ ही विजेची छोटी गाडी रस्त्यावर आणली होती. दोन माणसांची, फक्त भाड्याने मिळणारी. पुढे कंपनीने त्या परत घेतल्या आणि बहुतेक चुरडून टाकल्या. त्याचा डाग कंपनीच्या नावावर राहिला. २००६ मध्ये टेस्लाने आपली पहिली गाडी जाहीर केल्यावर जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांना पुन्हा विजेची गाडी करावीशी वाटू लागली. त्यांच्या मनात निव्वळ बॅटरीवरची गाडी होती. त्यांचे सहकारी जॉन लॉकनर यांनी त्यांना दुसरी वाट पटवून दिली : भलीमोठी, महागडी बॅटरी नको. रोजच्या जाण्यायेण्यापुरती बॅटरी घ्या आणि ती संपली की वीज करायला एक लहान इंजिन ठेवा. जानेवारी २००७ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात व्होल्टचा नमुना मांडला गेला. मधल्या काळात, २००९ मध्ये, खुद्द कंपनीचं दिवाळं निघालं, तरी प्रकल्प टिकला आणि डिसेंबर २०१० मध्ये पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या.

‘रोजच्या जाण्यायेण्यापुरती’ म्हणजे किती? कंपनीने अमेरिकी वाहतूक खात्याची आकडेवारी पुढे केली : कामावर जाणारे जवळजवळ ७८ टक्के लोक दिवसाला ४० मैलांच्या आत गाडी चालवतात. ४० मैल म्हणजे ६४ किलोमीटर. गाडीतल्या जवळपास प्रत्येक निर्णयाचं मूळ या आकड्यात सापडतं.

बॅटरीने खाल्लेली पाचवी जागा

पहिल्या व्होल्टची बॅटरी १६ युनिटची होती. आपल्या घरच्या वीजबिलात मोजतात तेच युनिट. पण गाडी त्यातली १० युनिटांहून थोडीशीच जास्त वीज वापरू देई. वरचा आणि खालचा भाग राखीव. लिथियम बॅटरी रोज काठोकाठ भरली आणि तळापर्यंत उपसली, तर तिचं आयुष्य लवकर सरतं, आणि कंपनीने तर आठ वर्षांची हमी दिली होती. म्हणून मालकाने एक तृतीयांशाहून जास्त बॅटरी पैसे मोजून घेतली आणि ती कधी वापरलीच नाही. ही उधळपट्टी वाटते खरी, पण ती बॅटरीच्या दीर्घायुष्याची किंमत होती.

शिवाय बॅटरीच्या कोशांच्या मधून द्रव खेळवून ती थंड वा ऊबदार ठेवण्याची सोय होती. यात वजन आणि खर्च दोन्ही वाढले. त्याच सुमारास आलेल्या निस्सान लीफमध्ये असा द्रव नव्हता. अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात लीफच्या बॅटरीची क्षमता लवकर घटते, अशा तक्रारी २०१२ मध्ये पुढे आल्या. द्रवाची दुसरी बाजू व्होल्टलाही भोवली. २०११ मध्ये सरकारी चाचणीत बाजूने खांबावर आदळवलेली एक व्होल्ट तीन आठवड्यांनी उभ्याउभ्या पेटली, आणि बॅटरीला बसलेला मार व सांडलेला द्रव हे त्याचं कारण निघालं. कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि जानेवारी २०१२ मध्ये चौकशी मिटली.

जवळपास दोनशे किलोची ही बॅटरी बसवायची कुठे? डिकीत ठेवली तर सामानाची जागा जाते. जमिनीखाली पसरली तर गाडी उंच होते, हवा जास्त कापावी लागते आणि ६४ किलोमीटरचं गणित बिघडतं. म्हणून बॅटरी इंग्रजी ‘टी’च्या आकाराची केली. तिचा दांडा दोन्ही आसनांच्या मधून आणि आडवा भाग मागच्या आसनाखाली. धडकेपासून ती तिथेच त्यातल्या त्यात सुरक्षित होती. पण मागे मधोमध बसायला जागा उरली नाही. पाच माणसांच्या कुटुंबासाठी व्होल्ट शोरूममध्येच बाद झाली.

इंजिन लहान, कटकटी मोठ्या

बॅटरी संपल्यावर चालणारं १.४ लिटरचं इंजिन ८४ अश्वशक्तीचं होतं आणि मुख्य मोटर १४९ अश्वशक्तीची. कधीमधी लागणारं इंजिन लहान असलेलं बरं, हा विचार सरळ होता. सपाट रस्त्यावर एवढी ताकद पुरते. लांबलचक चढावर मात्र इंजिन जितकी वीज करतं त्याहून मोटर जास्त खाते. त्यासाठी ‘माउंटन मोड’ दिला होता : डोंगर यायच्या आधी बटण दाबायचं, मग गाडी बॅटरीत भरपूर साठा राखून ठेवते आणि तो चढावर वापरते. बटण वेळेवर दाबायचं भान मात्र चालकाने ठेवायचं. रिकाम्या बॅटरीने खंडाळ्याचा घाट चढायची वेळ आलेल्या कुणालाही हे बटण का हवं, ते लगेच कळेल.

इंजिन, दोन मोटरी आणि चाकं यांना जोडणारा गिअरसंच हा व्होल्टचा सर्वांत देखणा भाग. मधोमध एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि सगळ्यांना वेढणारं दातेरी कडं. मोठी मोटर मधल्या चाकाला जोडलेली असते आणि छोट्या चाकांच्या चौकटीतून ताकद बाहेर पडते. शहरातल्या वेगात बाहेरचं कडं क्लचने जखडलेलं असतं आणि एकटी मोठी मोटर गाडी ओढते. हायवेवर तिचे फेरे फार वाढून वीज वाया जाऊ लागली, की कडं मोकळं होतं, दुसरी लहान मोटर ते फिरवू लागते आणि मोठीचे फेरे खाली येतात. बॅटरी संपल्यावर इंजिन त्या लहान मोटरला जोडलं जातं आणि तिच्याकडून वीज करून घेतं. हायवेच्या वेगात हेच इंजिन कड्यालाही जोडलं, की त्याची थोडी ताकद थेट चाकांपर्यंत पोचते.

यावरूनच ऑक्टोबर २०१० मध्ये गहजब झाला. इंजिन कधीच चाकं फिरवत नाही, असं कंपनी तोवर सांगत आली होती. पत्रकारांनी तिला खोटं पाडलं. पण अभियंत्यांचा निर्णय रास्त होता. इंजिनाची ताकद आधी विजेत आणि मग पुन्हा गतीत बदलायची, तर दोन्ही वेळा काही भाग वाया जातो. चाकं जवळ असताना तो वळसा घेण्यात काय अर्थ? कंपनीने गिअर उत्तम बनवला आणि जाहिरातीत नको तितकी शुद्धता मिरवली.

तरीही पेट्रोलवर धावताना व्होल्ट लिटरला १५-१६ किलोमीटरच देई, तेही महागड्या प्रीमियम पेट्रोलवर. टोयोटाची त्या काळची बिनप्लगची हायब्रिड प्रियस साध्या पेट्रोलवर २१ किलोमीटर जाई. व्होल्टचं वजन प्रियसपेक्षा तीनशे किलोंहून जास्त होतं आणि बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन कमी होत नाही. म्हणजे जो रोज दोनशे किलोमीटर फिरतो, त्याला ही गाडी प्रियसहून महाग पडणार, हे कागदावरच दिसत होतं. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून दिलेली दाब सोसणारी बंद टाकी, ती उघडण्याआधी दाबायचं बटण आणि दाब उतरेपर्यंतची वाट, कडाक्याच्या थंडीत बॅटरी भरलेली असूनही सुरू होणारं इंजिन, हेही मालकाने चालवून घ्यायचं.

इतरांनी केलेली वाटणी

टोयोटाने २०१२ च्या प्लग-इन प्रियसमध्ये फक्त ४.४ युनिटची बॅटरी बसवली. गाडी हलकी, किफायतशीर राहिली, पण विजेवर अमेरिकी मोजणीने जेमतेम १८ किलोमीटर. बीएमडब्ल्यूने ‘आय३’मध्ये उलट केलं : बॅटरी मोठी आणि सोबत स्कूटरच्या इंजिनावरून घेतलेलं ६४७ सीसीचं इंजिन. कॅलिफोर्नियाच्या नियमात बसण्यासाठी अमेरिकेत त्या गाडीचं इंजिन बॅटरी जवळपास संपल्यावरच सुरू होई, आणि लांब चढावर वेग घटतो अशा तक्रारी मालकांनी केल्या. मित्सुबिशीने २०१३ च्या आउटलँडरमध्ये १२ युनिटची बॅटरी देऊन मोठी, पाच आसनी, चारही चाकं ओढणारी गाडी केली. युरोपात ती खूप खपली.

व्होल्टने दुसऱ्या अवतारात, २०१६ च्या मॉडेलमध्ये, बरेच धडे गिरवले. बॅटरी १८.४ युनिटची, तरी कोश २८८ ऐवजी १९२. गाडी सुमारे शंभर किलोंनी हलकी. विजेवर ५६ ऐवजी ८५ किलोमीटर. दीड लिटरचं इंजिन साध्या पेट्रोलवर चालणारं. मागे पाचवा सीटबेल्टही आला, पण बॅटरीच्या दांड्यावर पाय फाकवून बसणारा तो पाचवा प्रवासी लहान मूलच असायला हवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने गाडी बंद करायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. लोक मोठ्या एसयूव्हींकडे वळले होते आणि बॅटऱ्या स्वस्त होत गेल्याने निव्वळ विजेच्या गाड्यांची धाव वाढली होती.

प्लग कोण लावतं?

प्लग-इन हायब्रिडचा सर्वांत नाजूक भाग गाडीच्या बाहेर, मालकाच्या हातात असतो. युरोपात करसवलतींमुळे कंपन्यांनी नोकरदारांना अशा गाड्या सरसकट दिल्या. पेट्रोलचं बिल कंपनी भरणार, घरच्या विजेचं बिल आपण. मग प्लग लावतंय कोण? गाड्यांमध्येच नोंदलेल्या इंधनाच्या माहितीवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये निष्कर्ष काढला, की प्लग-इन हायब्रिडचा रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट आहे. व्होल्टच्या मालकांनी मात्र स्वतःच्या खिशातून ४१ हजार डॉलर मोजले होते. सरकारी सवलत साडेसात हजारांची. ते प्लग लावत, कारण त्यांना लावायचा होता. लांब पल्ल्याची बॅटरी आणि चालढकल न करणारा मालक जुळले, तेव्हा हे यंत्र ठरल्याप्रमाणे वागलं.

जनरल मोटर्सचा कारखाना पुण्याजवळ तळेगावला होता, पण व्होल्ट भारतात कधी विकायला आली नाही. आजही आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड मिळते ती महागड्या परदेशी बनावटीत. सर्वसामान्यांच्या आवाक्यातल्या ग्रँड व्हिटारासारख्या हायब्रिडमधली बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची आहे आणि तिला प्लगच नाही. शुद्ध विजेच्या गाडीला पाच टक्के जीएसटी आहे, तशी सवलत प्लग-इनला नाही. एका बाबतीत मात्र आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. तिथल्या १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर व्होल्ट भरायला दहा-बारा तास लागत. आपल्या घरातल्या गिझरच्या सॉकेटवर तीच बॅटरी चार-पाच तासांत भरली असती. अडचण सॉकेटची नाही, ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाली न्यायची आहे.

उद्या अशी गाडी इथे परवडणाऱ्या किमतीत आली, तर माहितीपत्रकातला लिटरमागचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि आपल्याला तीनच प्रश्न विचारा. गाडी उभी राहते तिथे सॉकेट आहे का? रोजची धाव बॅटरीच्या पल्ल्यात बसते का? आणि महिन्यातून दोन-चारदा तरी लांबचा प्रवास होतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर दोन यंत्रणांचं ओझं वाहण्यात अर्थ आहे. पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर साधी हायब्रिड घ्या. फक्त तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर सरळ विजेची गाडी घ्या आणि इंजिनाची देखभाल वाचवा.