स्टिअरिंगवरील ध्वनिनियंत्रण

स्टिअरिंगवरील ध्वनिनियंत्रण म्हणजे कार स्टिरिओचा आवाज, गाणी व फोन यांसाठी स्टिअरिंग चाकावर बसवलेली बटणे होत. भिवंडीसारख्या गोदामांच्या शहरात अवजड मालमोटारींच्या गर्दीतून जाताना चालकाचे हात चाकावर व नजर रस्त्यावर राहणे महत्त्वाचे असते. मूळ स्टिरिओ बदलल्यावर मात्र ही बटणे आपोआप चालत नाहीत. त्यांचे संकेत नव्या स्टिरिओला समजावे लागतात.

कार्यपद्धती
अनेक गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळा विद्युतरोध असतो. बटण दाबताच तारेतील विद्युतदाब बदलतो व त्यावरून स्टिरिओ बटण ओळखतो. काही गाड्यांत हे संकेत ‘कॅन बस’ या अंकीय जाळ्यातून जातात. जर्मनीतील बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये सादर केली.

जोडणी
रोधपद्धतीत बटणांच्या तारा नव्या स्टिरिओच्या ‘की’ तारांना जोडून प्रत्येक बटणाचे काम सेटिंगमध्ये नोंदवतात. कॅन बससाठी संकेतांचे रूपांतर करणारा, त्या मॉडेलला जुळणारा अडॅप्टर लागतो. जुळणारा कनेक्टर वापरल्यास मूळ वायरिंग कापावे लागत नाही.

सुरक्षितता
बटणांच्या व एअरबॅगच्या तारा चाकाखालील ‘क्लॉक स्प्रिंग’ या गुंडाळलेल्या चपट्या पट्टीतून जातात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्यामुळे चाक न उघडता, बॅटरीची ऋण तार सोडवून, स्टिरिओच्या मागील बाजूसच जोडणी करणे सुरक्षित ठरते.