रोपांची ऊब वरच्या वाटेने जाते

कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पानांवर आणि मोटारींच्या टपांवर हिमकण दिसतात. त्याच पहाटे हवेचे तापमान मात्र शून्याच्या काही अंश वर नोंदलेले असते. पाणी तर शून्याला गोठते. तरीही या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार लाकडी पेटीत असतो आणि तो हवेचे तापमान सांगतो. पान उघड्या आकाशाखाली असते. निरभ्र, निवांत रात्री ते भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते.

उन्हाळी लागवडीसाठी डिसेंबर-जानेवारीत मिरची, टोमॅटो, वांगी, कलिंगड यांची रोपे तयार करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात ठेवावा. त्यांच्या शेडनेटमध्ये हीटर नसतो आणि तो परवडणारही नाही. पण रोपाची ऊब कोणत्या वाटेने जाते हे कळले, तर ती वाट अडवता येते.

गारठलेली मुळे, तहानलेली पाने

मिरची आणि टोमॅटो मूळचे अमेरिका खंडातले, उबेला सरावलेले. मिरचीच्या बियाण्याला उगवण्यासाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा १० अंशांच्या खाली जाऊन तिथेच रेंगाळला, तर या रोपांच्या पेशींची पातळ आवरणे ताठर होतात आणि मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटते. सकाळी ऊन पडताच पाने बाष्प सोडू लागतात, पण गारठलेल्या मुळांकडून पाणी वर येत नाही. ट्रेमधले कोकोपीट ओले असूनही रोप मान टाकते. ते पाहून आणखी पाणी दिले, तर थंड आणि चिंब माध्यमात पिथियमसारख्या बुरशीला रान मोकळे मिळते. बुडखा सडतो, रोपे कोलमडतात. थंडीने सुरू झालेले दुखणे अशा वेळी मर रोगाच्या खात्यावर जमा होते.

रुमालाखालचे गवत

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर टाकत असते. १५ अंशांवरची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॉट उष्णता अशी बाहेर टाकते. आभाळ ढगाळ असेल तर त्यातली बहुतेक परत मिळते. पण हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असेल, तर चौरस मीटरमागे ८०-१०० वॉट परत येत नाहीत. सूर्य मावळला की हा तोटा भरून काढणारे कोणी उरत नाही.

हे नीट उलगडले लंडनमधले वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी, दवावरच्या १८१४ सालच्या निबंधात. माळी नाजूक रोपांवर पातळ चटया घालत, तेव्हा इतक्या झिरझिरीत आडोशाने काय होणार, असे वेल्स यांना आधी वाटे. मग त्यांनी हिरवळीत चार काड्या रोवल्या आणि गवताच्या वर सहा इंचांवर एक तलम रुमाल ताणून बसवला. रुमालाखालचे गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा रात्री नेहमी उबदार आढळले. रुमालाने फक्त गवत आणि आकाश यांच्यामध्ये पडदा धरला होता.

भारतातल्या कारागिरांनी हेच तत्त्व उलट्या कामासाठी वापरले होते. अलाहाबादला मातीच्या उथळ भांड्यांत पाणी भरून ती थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवत आणि पहाटे त्यावरचा बर्फ गोळा करत. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. खालून जमिनीची उष्णता येऊ नये म्हणून भांड्यांखाली वाळलेली ताटे पसरत. रोपवाटिकेत आपल्याला याच्या नेमके उलट करायचे आहे. वरची बाजू झाकायची आणि खालची जमिनीला मोकळी ठेवायची.

रामदास थर

जमिनीलगतच्या हवेची आणखी एक खोड भारतातच उजेडात आली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभागच असणार, असा समज होता. १९३२ साली एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी दाखवले, की उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा काही वेळा जमिनीच्या थोडी वर, वीतभर ते हातभर उंचीवर असते. रामदास पुण्याच्या कृषी हवामान विभागाचे प्रमुख होते. हा निष्कर्ष बरीच वर्षे शंकेने पाहिला गेला. पुढे मात्र तो मान्य झाला, आणि बंगळुरूत रोद्दम नरसिंह व सहकाऱ्यांनी त्यामागचे किरणोत्सर्गाचे गणित मांडले. त्याला आज रामदास थर म्हणतात.

बाकावर मांडलेले रोपांचे ट्रे अशा थंड हवेत सापडू शकतात. म्हणून तापमापक भिंतीला टांगू नये, ट्रेच्या उंचीवरच ठेवावा. आणि आच्छादन बाकाच्या कडेला न थांबवता थेट जमिनीपर्यंत सोडावे, म्हणजे दिवसभर तापलेल्या मातीची उष्णता आतच राहते. ही माती किंचित ओलसर असावी, कारण ओल्या मातीत उष्णता जास्त साठते आणि वर सहज येते. बाकाखाली पाचट किंवा भुसा पसरला, तर तीच वाट बंद होते.

प्लास्टिक पुरेसे का नाही

साध्या पातळ पॉलिथिनमधून अवरक्त किरणांचा मोठा भाग आरपार निघून जातो. त्यामुळे कोरड्या, स्तब्ध रात्री प्लास्टिकच्या बोगद्यातले तापमान बाहेरच्याइतके, क्वचित त्याहून किंचित कमीही होते. प्लास्टिकच्या कागदाच्या आतून पाण्याचा थर धरला तर थोडा आडोसा मिळतो, कारण पाणी हे किरण शोषून घेते. पण खात्रीचा उपाय म्हणजे प्लास्टिकवर गोणपाट, जुनी चादर किंवा कडब्याचे तट्टे घालणे. गोधडी अंग तापवत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते. हे आच्छादन तेवढेच करते. म्हणून ते ऊन कलताना, आत ऊब असतानाच घालायला हवे. रात्री दहाला घातले, तर झाकायला फारसे काही उरलेले नसते. ते पानांना टेकू नये, कारण थंड झालेला कागद टेकलेल्या पानाची उष्णता ओढून घेतो.

पाण्याची भरलेली पिंपे

उष्णता साठवायला पाण्याइतके स्वस्त साधन नाही. २०० लिटरचे काळे पिंप दिवसा उन्हात तापून २५ अंशांवर गेले आणि पहाटेपर्यंत १५ वर उतरले, तर ते सुमारे ८,४०० किलोज्यूल उष्णता सोडते. ही झाली २.३ युनिट विजेइतकी ऊर्जा, म्हणजे २०० वॉटचा हीटर जवळजवळ १२ तास चालवल्यासारखे. तापमान पाचच अंशांनी उतरले तरी निम्मी उष्णता मिळते. एका पिंपाऐवजी २० लिटरचे दहा डबे ठेवले तर पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता लवकर बाहेर पडते. हे पाणी आच्छादनाच्या आत असले तरच उपयोग.

रोपांना पाणी मात्र सकाळी ऊन वर आल्यावर द्यावे. संध्याकाळी भिजलेली पाने वाळताना रोपाचीच उष्णता खर्च होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० किलोज्यूल लागतात.

शेकोटीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. धुराचे बारीक कण अवरक्त किरणांना फारसे अडवत नाहीत, म्हणून नुसता धूर करून रोपे वाचत नाहीत. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. अनेक लहान शेकोट्यांनी द्राक्षबागेत थोडा फरक पडतो, पण बंद जागेतल्या कोवळ्या रोपांजवळ जाळ आणि धूर नकोच.

दुपारी चारला वर पाहून निर्णय घेता येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल, तर सूर्यास्तापूर्वी बाजू बंद करा आणि दुहेरी आच्छादन घाला. ढग असतील तर एकच थर पुरेल. सकाळी ऊन चढताच सगळे उघडा, नाहीतर आतली दमट हवा बुरशीला पोसेल. याला लागते ती दोन माणसांची अर्ध्या तासाची मेहनत आणि घरातली जुनी पोती. महिनाभर जपलेल्या रोपांसाठी एवढे करणे प्रत्येक शेतकऱ्याच्या आवाक्यात आहे.