रिव्हर्स हरवलेली ऑटोमॅटिक पिकअप

भिलाईतल्या बहुतेक मालवाहू पिकअपना हाताने बदलायचे गिअर असतात. इसुझू व्ही-क्रॉस किंवा 2022 साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स यांत मात्र सहा गिअरची ऑटोमॅटिक पेटीही मिळते. अशी गाडी पुढे धावते, पण मागे येत नाही, तेव्हा पेटी लगेच उघडू नये.

आधी तेल पाहावे. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेट झिजल्या. चाळिशीपार उन्हात ओझे ओढताना तेल लवकर खराब होते. मग लिव्हर ‘आर’वर टाकून मागचा पांढरा दिवा पाहावा; तो लागत नसेल तर लिव्हरची केबल किंवा पोझिशन स्विच तपासावा. स्कॅनरवर नोंदलेले दोषही वाचावेत.

खरा उलगडा इतर गिअरमधून होतो, आणि घाईत नेमके तेच राहून जाते. अनेक सहा-गिअर पेट्यांत रिव्हर्सचा एक क्लच तिसऱ्या-पाचव्या गिअरलाही लागतो. तेही घसरत असतील तर संशय त्या क्लचवर. ते ठीक असतील तर पेटीतल्या रिव्हर्सच्या ब्रेकवर किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर. शेवटी गेजने तेलाचा दाब मोजावा: रिव्हर्समध्ये तो सहसा ‘डी’पेक्षा जास्त असतो. दाब पुरेसा असूनही गाडी हलत नसेल, तरच पेटी उतरवावी.