खाजेचे मलम : मोजून लावा, मुदतीत थांबवा



उसाचा पाला काढताना कूस लागते, पाणी देताना पाय तासन्‌तास ओले राहतात. मग अंगाला खाज सुटते. शेजारी म्हणतो, “माझ्याकडची ट्यूब लाव, दोन दिवसांत गुण येतो.” गुण येतोही. पण खरी गोम इथेच आहे.

अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असते. क्लोबेटासॉल हे त्यातले फार जहाल. इसबासारख्या आजारात ते सूज आणि खाज उतरवते, म्हणून डॉक्टर देतात. पण गजकर्ण बुरशीमुळे होते. त्यावर नुसते स्टेरॉइड लावले की लाली दबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते. पुढे गजकर्णाचा गोल आकारही मोडतो आणि डॉक्टरांनाही ते चटकन ओळखू येत नाही. तेव्हा आधी खाज कशाची, ते तपासून घ्यावे. सन 2018 मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, ते उगाच नव्हे.

डॉक्टरांनी मलम दिले तर मात्रा अशी धरावी : तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. दुखऱ्या जागीच पातळ थर द्यावा व हात धुवावेत. क्लोबेटासॉल सहसा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर जाऊ नये. चेहरा, काख, जांघ येथे आणि लहान मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय लावूच नये. वरून प्लास्टिक किंवा पट्टी गुंडाळू नये, त्याने औषध जास्त मुरते. गोरे होण्यासाठी तर मुळीच नको. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात.

कोणी महिनोन्‌महिने लावत असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. बंद करताच आग होऊन चेहरा लाल होऊ शकतो.

पण भिऊन औषध अर्धवट सोडणेही बरे नाही. नेमून दिलेले मलम नेमून दिलेले दिवस लावले तर ते गुणकारीच आहे. आपण तणनाशक पंपाला मोजून घालतो, डोळे झाकून ओतत नाही. मग स्वतःच्या कातडीला अंदाजपंचे औषध का लावावे? घरातल्या ट्यूबा आजच काढा, त्यावरची नावे वाचा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे सोबत न्या, एवढेच आमचे सांगणे.